प्रमाद आणि पायी चालणारे मूल

पायी शाळेत जाणाऱ्या मुलाला रस्त्यावर जपण्याचे कर्तव्य कोणाचे, हा प्रश्न वाहतुकीच्या नियमांच्याही आधी धर्मविचाराचा आहे. वऱ्हाडात त्याचे सर्वांत स्पष्ट उत्तर जैन परंपरेत सापडते. वऱ्हाडातल्याच वाशीम जिल्ह्यातले कारंजा हे दिगंबर जैन भट्टारकांच्या, म्हणजे मठाधिपती धर्मगुरूंच्या, पीठांचे गाव.

या परंपरेत साधूने दिवसाउजेडी, पुढची चार हात जमीन न्याहाळत, पायाखाली जीव येणार नाही अशा बेताने चालावे, ही ईर्यासमिती. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाने प्रमादातून, म्हणजे बेफिकिरीतून, झालेल्या प्राणघाताला हिंसा ठरवले. प्रवचनसारात कुंदकुंदाचार्य याच्याही पुढे जातात. समोरचा जीव मरो वा जगो, बेफिकीर वागणाऱ्याकडून हिंसा घडलेलीच असते. पूर्ण जपून चालणाऱ्याला मात्र केवळ जीव गेल्याने कर्माचा बंध लागत नाही. हा विचार पायी चालणाऱ्या साधूसाठी मांडलेला असला, तरी वाहनाला तो अधिकच लागू पडतो. शाळा सुटायच्या वेळी गावातून भरधाव गाडी काढणारा, कोणालाही धक्का न लागता पार झाला, तरी निर्दोष ठरत नाही.

मुलानेही जपावे, हे खरेच. पदपथ नसेल तिथे समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चालावे, उभ्या एसटीच्या पुढून रस्ता ओलांडू नये, लहानग्याला मोठ्याने वाहनांपासून दूरच्या बाजूला धरावे. पण सात-आठ वर्षांच्या मुलाला येणाऱ्या गाडीचा वेग नीट जोखता येत नाही आणि उभ्या वाहनांआडून ते चालकाला दिसतही नाही. ज्याच्याकडे वेग आणि वजन आहे, त्याच्याकडे कर्तव्याचा मोठा वाटा जातो. दोघांवर सारखी जबाबदारी टाकणे हा न्याय नव्हे.

जैन विचारात स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि संमती दिलेले, तिन्हींचा दोष लागतो. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडीची किल्ली देणारा पालक दुसऱ्या प्रकारात बसतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनेही अशा पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड ठेवला आहे. रस्ता आखणारेही या दोषातून सुटत नाहीत. राज्याच्या २०११ च्या शिक्षणहक्क नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक, तर आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी असे ठरवले. मुले चालत येणार हे त्यात गृहीतच आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. गावाजवळचा पदपथ आणि भुयारी मार्ग यांनाही तीच तातडी लाभायला हवी. पायी चालणाऱ्यांसाठी वाहनांनी वाट सोडणे वऱ्हाडाला अनोळखी नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णा नदीचे पाणी घेऊन राजराजेश्वर मंदिराकडे पायी निघालेल्या कावडधारींसाठी अकोल्यात दरवर्षी वाहने दुसऱ्या रस्त्यांनी वळवली जातात.