हप्ता आणि हंगाम

मोठे कर्ज फेडून मोकळ्या झालेल्या माणसाबद्दल आपल्याकडे एकाच सुरात बोलले जाते: पोटाला चिमटा काढला, चैन केली नाही, पै न पै चुकती केली. ज्याला फेडता आले नाही त्याच्याबद्दलचा शेराही ठरलेला असतो: अंथरूण पाहून पाय पसरले नाहीत. दोन्ही बोलण्यांत कर्जदार आहे, कर्ज कुठेच नाही. ते कोणत्या दराने घेतले होते, हप्ते कोणत्या तारखांना होते, तारण काय होते, हे विचारण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. माझे म्हणणे असे की, पाच-सात वर्षे चालणारी फेड तडीस जाईल की मध्येच बसेल, हे कर्जदाराच्या स्वभावापेक्षा कर्जाच्या बांधणीवर जास्त ठरते. हे पडताळून पाहायला रेवसपासून हरिहरेश्वरपर्यंतचा रायगडचा किनारा चांगला, कारण इथली मिळकत महिन्याच्या एक तारखेला येत नाही.

आधी आकडे. कर्ज दहा लाखांचे आहे आणि कर्जदार महिन्याला 25 हजार रुपये न चुकता भरतो, असे धरू. दर वर्षाला 12 टक्के असेल तर पहिल्या महिन्याचे व्याज 10 हजार होते, उरलेले 15 हजार मुद्दलातून वजा होतात आणि साधारण सव्वाचार वर्षांत खाते मिटते. तेच कर्ज महिना शेकडा तीनने घेतलेले असेल तर नुसते व्याजच 30 हजार. म्हणजे 25 हजार भरूनही दरमहा मागचे पाच हजार मुद्दलावर चढत राहतात आणि वर्षभरात तीन लाख मोजून झाल्यावर देणे 10 लाख 71 हजारांच्या आसपास गेलेले असते. माणूस तोच, भरणा तोच, नियत तीच. पहिला गावात सचोटीचा म्हणून मिरवेल आणि दुसऱ्याला लोक टाळू लागतील. किनाऱ्यावर याहून अवघड प्रकार आहे तो व्यापाऱ्याच्या उचलीचा. तिच्यावर व्याजाचा दर लिहिलेला नसतोच बहुधा. अट एवढीच की बोटीचा माल त्याच्याकडेच घालायचा आणि भाव तो देईल तो घ्यायचा. व्याज भावातून कापले जाते, त्यामुळे ते वहीत दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचा हिशेब मागणार कसा?

दर झाला, आता तारखा. महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. करंजा, थळ, साखर-आक्षी, रेवदंडा, एकदरा, जीवना, भरडखोल, कुठल्याही बंदराला या दिवसांत बोटी शाकारून ठेवलेल्या दिसतात. पण बोट वर ओढली म्हणून खर्च थांबत नाही, उलट तो आताच सुरू होतो. फळ्या बदलायच्या, रंग द्यायचा, इंजिन उघडायचे, जाळी दुरुस्त करायची किंवा नवी भरायची, आणि नव्या हंगामासाठी खलाशी बांधून ठेवायला त्यांना आगाऊ उचल द्यायची. ज्या दोन महिन्यांत घरात एक रुपया येत नाही त्याच दोन महिन्यांत नाखव्याचा वर्षातला सर्वांत मोठा खर्च येतो, त्यात मुलांच्या शाळाही जूनमध्येच उघडतात. घरातले सोने तारण ठेवायला निघते ते याच सुमारास. हंगाम उघडल्यावर पहिल्या फेऱ्यांचे पैसे डिझेल-बर्फाच्या उधारीत जातात. आता बँकेचा नियम पाहा: हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खाते अनुत्पादक ठरते. जूनचा हप्ता चुकला तर हे 90 दिवस सप्टेंबरच्या तोंडावर भरतात. वैयक्तिक कर्जाचा हा आराखडा पगारदारासाठी बेतलेला आहे, आणि पगारदाराला तो बरोबर बसतोही. रिझर्व्ह बँकेला हंगाम कळत नाही असेही नाही, कारण कमी मुदतीच्या पिकांचे कर्ज दोन हंगाम थकेपर्यंत अनुत्पादक धरले जात नाही. भाताला जी समज दाखवली, ती बोंबलाच्या मिळकतीवर फेडल्या जाणाऱ्या वैयक्तिक कर्जाला दाखवलेली नाही.

यावर हमखास पुढे येतात ती जिद्दीने कर्ज फेडणाऱ्या थोरांची उदाहरणे. मार्क ट्वेन या अमेरिकी लेखकाचे नाव त्यांत पहिले. 1894 मध्ये त्याची प्रकाशनसंस्था बुडाली, साठीकडे झुकलेला हा माणूस व्याख्याने देत जगभर फिरला, जानेवारी 1896 मध्ये आपल्या मुंबईतही बोलून गेला आणि 1898 पर्यंत त्याने सगळे देणे चुकते केले. जिद्द होतीच. पण हेन्री रॉजर्स नावाचा मुरब्बी उद्योगपती त्याच्या पाठीशी होता आणि त्याने पुस्तकांचे हक्क आधीच ट्वेनच्या पत्नीच्या नावावर करवून घेतले होते, हा तपशील सांगताना गाळला जातो. कमाईचे साधन घेणेकऱ्यांच्या हाती गेले नाही, म्हणूनच कमाई चालू राहिली. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्ये हेच शहाणपण आहे: जप्तीत कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, गरजेपुरती गुरे आणि बियाणे यांना हात लावता येत नाही. बोटीचे नाव त्यात नाही. शिवाय जी बोट मुळात कर्जाला तारण दिली आहे ती ओढून नेली की उरलेले कर्ज कशातून फेडायचे, हे कोणीच सांगत नाही. भंगाराच्या भावाने विकलेल्या बोटीतून बँकेचेही भागत नाही.

कर्जाला मर्यादा असावी ही कल्पना बाहेरून आणलेली नाही. दामदुपटीचा नियम धर्मशास्त्रातला, मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी तो हिंदू ऋणकोंना लावला: एका वेळी वसूल करायचे थकलेले व्याज मुद्दलाहून जास्त होता कामा नये. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर 1879 मध्ये आलेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशाला रोख्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासायचा आणि फेडीला हप्ते बांधून द्यायचा अधिकार दिला. रायगडात, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यात, हाच प्रश्न खोतीच्या रूपाने होता. खारेपाटातले कूळ पेरणीला आणि पावसाळ्यात पोटाला भात खोताकडून उसने घेई, सवाईने किंवा दिढीने परत करी, आणि एखाद्या उधाणात बांधाला खांड पडून खारे पाणी शेतात शिरले की ते देणे पुढच्या साली जाई. जास्त राबून यातून सुटका नव्हती, कारण जास्त पिकले तर खोताचा वाटाही वाढे. ऑक्टोबर 1933 मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरीला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला आणि सुमारे सहा वर्षे खोतांच्या जमिनी कसल्याच नाहीत. लाकूडफाटा, भाजीपाला, खाडीतली मासळी यांवर लोक जगले. 1934 मध्ये डॉ. आंबेडकर चरीला येऊन गेले, 1937 मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, आणि 1939 मध्ये कूळ कायदा आला. काटकसर या लोकांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांना अटी बदलून हव्या होत्या. त्याच 1939 मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचाही कायदा झाला, आणि त्यात आधी ऋणकोची फेडण्याची कुवत ठरवायची, मग तेवढ्याचेच हप्ते पाडायचे, असा क्रम होता. मला तो आजच्या बहुतेक तडजोड योजनांपेक्षा समंजस वाटतो. तडजोडीत रक्कम कमी करतात आणि ती एकरकमी मागतात. एकरकमी असती तर माणूस थकला कशाला असता?

आक्षेप दोन, आणि दोन्ही वजनदार. पहिला असा की, सवलतीने फेडण्याची सवय मोडते. 2008, 2017 आणि 2019 च्या कर्जमाफ्यांनंतर नियमित भरणाऱ्यांना आपण मूर्ख ठरलो असे वाटले, हे नाकारण्यात अर्थ नाही. नियमित फेडणाऱ्यांना प्रोत्साहन अनुदान द्यावे लागले ते काही उगाच नव्हे. पण माफी आणि बांधणी या वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षाचे बारा हप्ते दहा महिन्यांत, थोडे मोठे करून वसूल केले तर बँकेचा पैसा बुडत नाही. दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो: देणाऱ्याचे हात बांधले की तो देणेच थांबवतो. 1954 च्या गोरवाला समितीच्या अहवालानुसार, इतके कायदे होऊनही देशातल्या शेतकऱ्यांच्या उसनवारीत सहकाराचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास होता आणि सावकारांचा सुमारे 70 टक्के. निर्बंध घालायचे आणि पर्याय उभा करायचा नाही, याचे हे फळ. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याचीही तीच मर्यादा आहे. त्यात मुद्दलाहून जास्त व्याज घेण्याला मनाई आहे, बळकावलेली जमीन परत देण्याची तरतूद आहे, पण मालाच्या भावात लपवलेले व्याज तो पकडणार कसा? व्यापाऱ्याची उचल कायद्याने हटणार नाही. जूनमध्ये दुसरीकडून पैसे मिळाले तरच ती हटेल.

यासाठी निमित्त हाताशी आहे. मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्ड मिळू लागले आहे आणि एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. मात्र कार्ड खेळत्या भांडवलापुरते असते, जुने मोठे देणे त्यात मिटत नाही. दर्जा समान द्यायचा तर थकबाकीचे निकषही हंगामाप्रमाणे हवेत आणि जुन्या देण्यांची कुवतीनुसार पुनर्बांधणीही हवी. बागायतदारांचे गणित तर आणखी लांबचे आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. नव्याने लावलेली पोफळ फळाला यायला सहा-सात वर्षे जातात, म्हणजे वादळानंतर पाच वर्षांच्या मुदतीने घेतलेले कर्ज पहिली सुपारी हाती येण्याआधीच संपायला हवे होते. ते कशातून फेडायचे हा प्रश्न कर्जाच्या अर्जावर सही होण्याआधी, टेबलाच्या पलीकडे बसलेल्या अधिकाऱ्याने विचारायचा होता.