सुईचे लाड

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुजली आहे की, हत्याराबद्दल कोणी चकार शब्द काढला तरी ती आपल्या ओठांवर येते. पण ज्याने ती प्रथम उच्चारली, त्याने ते अंगण जाऊन पाहिले होते काय? अंगणे खरोखरच वाकडी असतात. विळीची धार गेलेली असते, सुईचे टोक बोथटलेले असते. तरीही चांगले हत्यार मागणाऱ्याकडे आपण संशयानेच पाहतो. याला कष्ट नकोत, असे मनातल्या मनात ठरवून टाकतो. हा संशय कितपत न्याय्य आहे, असा प्रश्न मला सुयांच्या एका पुडीने घातला.

आमच्या शेजारच्या आजींनी जन्मभर गोधड्या शिवल्या. आता त्यांच्या नातीला ती हौस लागली आहे, आणि तिने हाताने गोधडी शिवण्याच्या खास सुया आणल्या. इंग्रजीत त्यांना ‘बिटवीन्स’ म्हणतात. आजींनी पुडी डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाल्या, “सुईचे एवढे लाड कशाला गं? आमच्या बोटांची चाळण व्हायची, तेव्हा कुठे एक गोधडी पुरी व्हायची.”

“म्हणून माझ्याही बोटांची व्हायला हवी का, आजी?” नात हसून म्हणाली.

प्रश्न थट्टेचा होता, पण तो थट्टेवारी नेण्यासारखा मला वाटला नाही. मी त्या सुया मागून घेतल्या आणि शिवून पाहिले.

ही सुई असते इंचाच्या आसपास. नंबर जितका मोठा, तितकी ती बारीक आणि आखूड. नवशिक्याने आठ-नऊ नंबरापासून सुरुवात करावी, हात बसला की दहा, अकरा, बारा. आखूडपणाला कारण आहे. वरच्या हाताच्या बोटात अंगुस्तान घालून सुई मागून रेटायची, कापडाखाली दुसऱ्या हाताच्या बोटाने टोक लागल्याचे ओळखायचे आणि लगेच ते वर वळवायचे. आखूड सुई चटकन वळते, म्हणून टाका बारीक पडतो. उलट जपानातील ‘साशिको’ या शिवणकामाची सुई लांब असते. कारण तिथे एकदम अनेक टाके सुईवर भरून मग दोरा ओढायचा असतो. दोन्ही सुया आपापल्या कामाने घडवल्या आहेत.

दोन पदरी दुपट्यात, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्यातून, दहा नंबरची सुई लोण्यातून जावी तशी गेली. पण पाच-सहा पदरांच्या वाकळीला हात घातला आणि बारा नंबरची सुई वाकली. तिथे आजींची जुनी, लांब, दणकट सुईच खरी. महागाची ती चांगली, हे जितके खोटे, तितकेच जुनी ती चांगली हेही खोटे. सुईचे लाड म्हणजे कामाची आणि हत्याराची ओळख पटवून घेणे, इतकेच.

पण आजींचा आक्षेप याने संपत नाही. वस्तूत ओतलेल्या त्रासावर तिचे मोल ठरते, हे त्यांचे खरे म्हणणे. आणि ते फार जुने आहे. इंग्लंडमधील रेडिच हे गाव एकोणिसाव्या शतकात सुयांसाठी जगभर प्रसिद्ध होते. तिथे पोलादी तारेच्या तुकड्यांना फिरत्या दगडावर कोरडीच धार लावीत. दगडाची आणि लोखंडाची धूळ कामगारांच्या छातीत जाई आणि ते ऐन उमेदीत मरत. ही धूळ ओढून नेणारे पंखे निघाले, तेव्हा त्यांना विरोध केला तो याच कामगारांनी. त्यांची मजुरी भारी होती ती कामात जिवाचा धोका होता म्हणून. धोका गेला, तर मजुरीही जाईल, हे भय त्यांना होते.

त्यांना हसण्याचे कारण नाही. पोटासाठी त्यांनी जे केले, ते आपण कौतुकासाठी करतो. बोटांची चाळण झाली, रात्री जागवल्या, कंबर धरली, हे सांगितल्यावाचून आपले देणे कोणी मोलाचे मानणार नाही, अशी धास्ती आपल्याला असते. आणि ती आपल्याला लावली कोणी? घेणाऱ्यांनीच. घरातल्या बाईने सुखाने केलेले काम आपल्या डोळ्यांत भरत नाही. ते दुखऱ्या हातांनी केलेले असावे लागते.

वास्तविक गोधडी पांघरणाऱ्या बाळाला बोटाला टोचलेली सुई कळत नाही. त्याच्या अंगाला कळते ते एवढेच, की गाठी आत दडवल्या आहेत, काठ खरखरीत नाही, टाके सारखे आहेत. दुखणे कापडात उतरत नाही. लक्ष मात्र उतरते. जे हत्यार दुखणे कमी करून लक्ष तसेच राहू देते, त्याने देण्याचे मोल तसूभरही घटत नाही. मग यंत्रच का नको, असे कोणी विचारील. जरूर असावे, यंत्रावरची गोधडीही ऊब देते. मात्र आपण त्यात ऊब देतो आहोत की आपला वेळही, हे देणाऱ्याने स्वतःशी ओळखून असावे.

नातीच्या पुडीत आणखी एक सुई होती. तिच्या नेढ्याच्या वर बारीक फट असते. दोरा त्या फटीवर दाबला की आपोआप नेढ्यात बसतो. नेढ्यात दोरा ओवता येईना, आणि दर वेळी कोणाला तरी हाक मारणे जिवावर येई, म्हणून आजींनी दोन वर्षांपूर्वी शिवण सोडले होते. त्यांनी ही सुई पाहिली आणि “ही तर लबाडी!” म्हणाल्या. फटीत दोरा कधी कधी झिजून तुटतो, हा दोषही त्यांनी पहिल्याच दिवशी काढला. पण सुई परत केली नाही.

त्रास हेच मोल मानले असते, तर डोळ्यांबरोबर त्यांचे देणेही संपले असते. ते संपलेले नाही. दिवाळी सरली की थंडी पडेल. पणतूचे दुपटे निम्मे झाले आहे.