संध्याकाळची मजुरी



संत मत्तयकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकला आहे. धनी पहाटे बाहेर पडतो आणि एक दिनार रोज ठरवून मजूर कामाला लावतो. नऊच्या सुमारास तो पुन्हा जातो, बारा वाजता जातो, तीन वाजता जातो. शेवटी दिवस मावळायला तासभर उरलेला असताना, पाच वाजता, तो बाजारात जातो तेव्हाही त्याला काही माणसे उभी दिसतात. तो विचारतो, तुम्ही दिवसभर इथे रिकामे का उभे आहात? ते सांगतात, आम्हाला कोणी कामावर लावले नाही.

या उत्तराकडे आपले फारसे लक्ष जात नाही. पाच वाजेपर्यंत उभा असलेला माणूस आळशी असता तर दुपारीच घरी जाऊन झोपला असता. तो उभा राहिला, कारण घरी रिकाम्या हाताने जायचे कसे, हा प्रश्न त्याच्यापुढे होता.

हे दृश्य पाहण्यासाठी आपल्याला पॅलेस्टाइनला जावे लागत नाही. आपल्या अहिल्यानगरात (बोलताना आपण अजून नगरच म्हणतो) सकाळी आठच्या सुमारास मजूर जिथे जमतात त्या नाक्यावर जाऊन पाहा. हातात थापी घेतलेले गवंडी, डबा घेतलेले बिगारी, डोक्याला फडके बांधलेल्या बाया. एखादी गाडी थांबली की दहाजण धावतात आणि दोघांना काम मिळते. दहा वाजल्यानंतर उरलेल्यांचे चेहरे पाहवत नाहीत. संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, कुठेही जा, चित्र तेच आहे.

आपला जिल्हा साखरेचा आणि सहकाराचा. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि देशाने त्याचा कित्ता गिरवला. पण याच जिल्ह्याच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड या कोरडवाहू भागांतून आजही कुटुंबेच्या कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. ज्यांना कोयता नको असतो ती शहराची वाट धरतात. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला प्रसिद्ध अभ्यास १९७१ साली मांडला. १९६०-६१ साली खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक किमान गरजेपेक्षा कमी खर्चात जगत होते, असा त्यांचा हिशेब होता. शहरातील गरिबी ही खेड्यातून ओसंडून आलेली गरिबी आहे, असे त्यांनी म्हटले होते. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांची कहाणी याहून वेगळी नाही. आजोबा गावात दुसऱ्याच्या शेतावर राबले, वडील दुष्काळात शहरात आले, आणि नातू आज एमआयडीसीत ठेकेदाराकडे रोजंदारीवर आहे.

१९७२ च्या दुष्काळातून धडा घेऊन महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. हाताला काम मागणाऱ्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. पुढे २००५ साली देशानेही तसा कायदा केला. परंतु ही हमी मुख्यतः खेड्यांसाठी होती. शहरातल्या नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला कोणी हमी दिली नाही. मुंबई-पुण्याइतके काम लहान शहरात नसते, आणि भाडे, गॅस, शाळेची फी मात्र दरवर्षी वाढत जाते. समजा एखाद्या बिगाऱ्याला ५०० रुपये रोज मिळतो. रोज मोठा वाटतो. पण महिन्यात कामच पंधरा दिवस लागले तर हाती येतात ७,५०० रुपये. त्यात खोलीचे भाडे, किराणा, दवाखाना, कर्जाचा हप्ता. हातावर पोट म्हणतात ते हे.

आता दाखल्याकडे परत येऊ या. संध्याकाळ होते. धनी कारभाऱ्याला सांगतो, सर्वांना मजुरी दे, शेवटी आलेल्यांपासून सुरुवात कर. तासभर काम केलेल्यालाही एक दिनार मिळतो. दिनार म्हणजे त्या काळी मजुराच्या घरची एका दिवसाची गुजराण. पाव दिनारात पाव घर जेवत नाही. पाच वाजता आलेल्याच्या घरीही तितकीच तोंडे आहेत, हे धन्याने ओळखले. पहाटे आलेल्यांना ठरल्यापेक्षा एक पैसा कमी मिळाला नाही, तरी ते कुरकुरले. त्यांचे दुःख कशाचे होते? स्वतःला कमी मिळाल्याचे नव्हे. दुसऱ्याला पुरेसे मिळाल्याचे. परमेश्वराचे विचार आपल्या विचारांपेक्षा किती उंच आहेत, हे यशया संदेष्टा सांगतो. त्या उंचीचे माप या दाखल्यात आहे.

हा दाखला देवाच्या कृपेविषयी आहे हे खरे. कृपा कोणी तासांवर मोजून कमावत नाही. पण कृपा समजावून सांगण्यासाठी प्रभू येशूने उदाहरण निवडले ते मजुरीचे. तो स्वतः सुताराच्या घरात वाढला होता. संध्याकाळी हातात पडणाऱ्या पैशाची वाट पाहणे म्हणजे काय, हे नासरेथच्या घराला ठाऊक असणार.

बंधू-भगिनींनो, गरिबीचा विषय निघाला की आपल्या मनात लगेच दानधर्म येतो. चर्चमधील गरिबांच्या पेटीत आपण पैसे टाकतो, नाताळात साड्या-ब्लँकेटे वाटतो. हे चांगलेच आहे, ते थांबवू नये. पण संत थॉमस अक्वायनस आपल्याला एक भेद शिकवतात. न्याय म्हणजे ज्याचे जे आहे ते त्याला देणे, आणि प्रीती त्याच्याही पुढे जाते. जो न्यायाची पायरी चुकवून थेट प्रीतीच्या पायरीवर उडी मारू पाहतो, तो दोन्हीवरून घसरतो. कामवालीचे दोन दिवसांचे पैसे कापून नाताळात तिला जुनी साडी देणे याला दान म्हणता येणार नाही. ते तिचेच पैसे, थोडे कमी करून, परत दिलेले आहेत.

पवित्र शास्त्र याबाबतीत फार कडक आहे. गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी दे, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो, अशी आज्ञा अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी पोहोचते, असे संत याकोब आपल्या पत्रात बजावतात. ख्रिस्तसभेचा श्रद्धाग्रंथ मजुरावरील अन्यायाची गणना स्वर्गाकडे आक्रोश करणाऱ्या पापांमध्ये करतो. ज्या यादीत हाबेलचे रक्त आहे, त्याच यादीत बुडवलेली मजुरी आहे.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात हाच प्रश्न हाती घेतला. मजूर आणि मालक यांच्यात करार झाला म्हणून मजुरी न्याय्य ठरत नाही, असे त्यांनी ठामपणे मांडले. उपाशी माणूस गरजेपोटी कशालाही हो म्हणतो. त्या होकाराचा फायदा घेणे हा अन्यायच. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली लिहिले की समाजव्यवस्था न्यायी आहे की नाही, हे मजुरीवरून पारखता येते. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हेच नाव घेतले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'दिलेक्सी ते' हे त्यांचे गरिबांवरील प्रेमाविषयीचे पत्र प्रसिद्ध झाले.

येथे कोणी म्हणेल, "फादर, आम्ही कुठे कारखानदार आहोत? आम्हीच पगारावर जगतो." खरे आहे. पण आपल्यापैकी पुष्कळजण एकाच वेळी मजूरही आहेत आणि धनीही. जी बाई दवाखान्यात आयाचे काम करते, ती घरी मूल सांभाळायला दुसरीला ठेवते. जो सेंट्रिंगचे काम घेतो, तो चार पोरांना हाताखाली लावतो. आपल्याला वरून अन्याय झाला की तो लगेच कळतो. आपल्या हातून खाली झालेला दिसत नाही.

दुसरे म्हणतील, "बाजारात हाच दर चालतो." बाजाराचा दर आपल्याला इतकेच सांगतो की माणूस किती कमीवर तयार होतो. त्याचे घर कितीत चालते, हे बाजार सांगत नाही. ते विचारावे लागते. दाखल्यातला धनी बाजारात पाच वेळा गेला आणि शेवटी त्याने विचारले. नफा-तोट्याची मर्यादा प्रत्येकालाच असते. परंतु न्याय्य मजुरी देण्याची ऐपत नसेल, तर काम कमी करून घ्यावे, दाम कमी करू नये.

करिंथच्या ख्रिस्ती मंडळीत एक वाईट गोष्ट घडत होती. प्रभूभोजनासाठी सारे जमत, पण ज्यांच्याकडे होते ते आधी जेवून घेत आणि काही नसलेले उपाशी राहत. संत पौलांना याचा संताप आला. तुम्ही देवाच्या मंडळीला तुच्छ मानता काय, असे विचारून त्यांनी सांगितले की एकमेकांसाठी थांबा. अभ्यासक म्हणतात की उशिरा येणारे बहुधा गुलाम आणि मजूर असावेत; काम संपल्याशिवाय त्यांना निघता येत नसे. आता आपल्या रविवारच्या मिस्सेकडे पाहा. प्रवचन संपता संपता काही भगिनी मागच्या दाराने येतात आणि भिंतीशी उभ्या राहतात. त्या आळशी नाहीत. दोन घरची धुणी-भांडी उरकून त्या आलेल्या असतात. त्यांतले एखादे घर पुढच्या बाकावर बसलेल्या कुटुंबाचे असेल तर? एकाच वेदीवरून एकच भाकर आपण घेतो. त्या भाकरीपुढे हा प्रश्न टाळता येणार नाही.

म्हणून या आठवड्यात तीन गोष्टी कराव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पहिली, ज्यांच्या घरी कामाला बाई येते त्यांनी तिला रविवारची सकाळ मोकळी द्यावी आणि त्याचा खाडा धरू नये. आजारपणाच्या दोन दिवसांचेही पैसे कापू नयेत. पगाराची तारीख ठरवावी आणि ती पाळावी.

दुसरी, जे बांधकामाची कामे घेतात त्यांनी रोजंदारीचे पैसे त्याच दिवशी द्यावेत. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही रोजंदारीवरील माणसाला पाळी संपताच मजुरी द्यावी असेच आहे. मोशेच्या नियमशास्त्राने ते केव्हाच सांगितले होते. तसेच बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायला ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. सही करायला दोन मिनिटे लागतात, पण त्या सहीवर एखाद्या मुलाची शिष्यवृत्ती अवलंबून असते. ती सही अडवू नये.

तिसरी गोष्ट आपल्या चर्चची. आवार झाडणारे, राखण करणारे, स्वयंपाक करणारे हे सर्व आपल्या, म्हणजे तुमच्या अर्पणातून पगार घेतात. धर्मग्राम परिषदेच्या पुढच्या सभेत त्या प्रत्येकाचा पगार वाचून दाखवला जाईल आणि एकच प्रश्न विचारला जाईल: एवढ्यात त्याचे घर चालते का? दुसऱ्याला उपदेश करण्याआधी हा हिशेब मांडणे योग्य आहे.

आता नाक्यावर उभ्या राहणाऱ्या माझ्या भावा-बहिणींनो, एक शब्द तुमच्यासाठी. दहा वाजता काम न मिळता परत फिरताना मनात येते की आपली किंमत नाही. ते खोटे आहे. दाखल्यातल्या धन्याने शेवटच्या माणसालाही आधी पैसे दिले आणि त्याचा मान राखला. तुमची किंमत रोजावर ठरलेली नाही, ती क्रुसावर ठरली आहे. काम नसल्याची लाज घरापासून लपवू नका, आणि ती दारूत बुडवू नका. एकटे राहू नका. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमालांना एकत्र केले, हमाल पंचायत उभी राहिली, आणि १९६९ साली माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्राने कायदा केला. डोक्यावर ओझे वाहणारी माणसे एकत्र आली म्हणून हे घडले. ई-श्रमची आणि बांधकाम मंडळाची नोंदणी ज्यांची राहिली असेल, त्यांनी आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक घेऊन रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या हॉलमध्ये यावे. आपले तरुण तिथे मदतीला बसतील.

सप्टेंबर महिना आपल्याकडे हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेचा. तिथे श्रीमंत-गरीब एकाच धुळीतून चालतात. भुकेल्यांना देवाने तृप्त केले असे गाणारी ती माउली आपल्या घरांकडे पाहत आहे.

हे प्रभू येशू, तू सुताराच्या घरी घाम गाळलास. ज्यांना आज कोणी कामावर लावले नाही, त्यांच्याजवळ उभा राहा. ज्यांच्या हातात दुसऱ्याची मजुरी आहे, त्यांचा हात संध्याकाळपूर्वी उघड. आणि शेवटच्या दिवशी आम्हा सर्वांना, आमच्या तासांप्रमाणे नव्हे तर तुझ्या दयेप्रमाणे, तुझ्या मळ्यात जागा दे. आमेन.

आपला,
धर्मगुरू