वक्तृत्वाचा अभ्यास आणि सत्याची चाड

आमच्या मंडळीतील एक तरुणी महाविद्यालयात शिकते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयाच्या जोडीला गौण विषय घ्यावयाचा असतो. तिचा मुख्य विषय अर्थशास्त्र. गौण विषय म्हणून लेखन व वक्तृत्वशास्त्र घ्यावे असे तिच्या मनात आहे. वडिलांचा विरोध आहे. शब्दांची कारागिरी शिकलेला मनुष्य खोटेही सुबक बोलू लागतो, असे ते म्हणतात आणि १ करिंथ २:४ पुढे करतात. आपण वाक्चातुर्यावर भिस्त ठेवली नाही, असे पौल तेथे सांगतो. दोघेही माझ्याकडे आली.

वडिलांची भीती पोकळ नाही. प्रेषितांची कृत्ये २४ मधील तिर्तुल्ल आठवावा. आपण त्याला वकील म्हणतो. मूळ ग्रीक शब्द ‘ऱ्हेतोर’, म्हणजे वक्तृत्वाचा व्यवसायी. पौलावर आरोप ठेवण्यापूर्वी तो सुभेदार फेलिक्साची तोंडभरून स्तुती करतो, त्याच्यामुळे देशात शांतता नांदते म्हणतो. फेलिक्साचा कारभार किती जुलमी होता हे तॅसिटसने लिहून ठेवले आहे. परंतु पुढे वाचावे. पौलही उत्तराची सुरुवात सुभेदाराला उद्देशूनच करतो, कारण भाषणाची तशी रीतच होती. मात्र तो एवढेच म्हणतो की, आपण पुष्कळ वर्षे या लोकांचे न्यायाधीश आहात. हे खरे होते. रीत तीच, एकाने तिच्यात लबाडी भरली, दुसऱ्याने खरे तेवढेच ठेवले.

ऑगस्टिन मिलान येथे वक्तृत्वाचा अध्यापक होता. सम्राटाच्या स्तुतिपर भाषणात आपण खोटे बोलणार होतो, याची त्याने पुढे कबुली दिली, आणि ३८६ साली ते पद सोडले. तरी उतारवयात ख्रिस्ती शिक्षणावरील ग्रंथाच्या चौथ्या भागात त्याने विचारले की, असत्याचे कैवारी ही विद्या जाणत असता सत्याच्या कैवाऱ्यांनीच निःशस्त्र का राहावे?

साधे बोलावे, हे वडिलांचे म्हणणे मला मान्य आहे. पण साधेपणा आयता मिळतो काय? पंडिता रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ ही पदवी दिली. संस्कृतप्रचुर मराठी त्यांना मुळीच जड नव्हती. तरी सामान्य स्त्रियांना कळावे म्हणून त्यांनी पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यास वाहून घेतले, १९२२ साली देहावसान होईपर्यंत. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला. कोणता शब्द टाकावा हे कळण्यासाठी तो शब्द आधी हाती असावा लागतो.

येथे माझा स्वतःचा दोष सांगितला पाहिजे. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, खोट्या बंधूंविषयी लिहिताना, पौलाचे वाक्य मध्येच तुटते. व्याकरण सांभाळण्याचे त्याला भान राहात नाही. मी पहिल्या मसुद्यात ते वाक्य सांधून, घोटून गुळगुळीत केले, आणि मनातून सुखावलो. पुढे एका खेड्यात तो भाग वाचून दाखवला, तेव्हा एका वृद्ध बाईंनी विचारले, “पौल रागावला होता ना? मग हा इतका शांत कसा बोलतो?” मी गप्प झालो. शास्त्राभ्यासात ग्रीक व्याकरण शिकलो होतो. वाक्य ऐकणाऱ्यावर काय परिणाम करते, हे कोणी शिकवले नव्हते. म्हणून तुटलेले वाक्य मला चूक वाटले. मी खोटे लिहिले नव्हते, पण पौलाचा राग वाचकांपासून लपवला होता. या अज्ञानाला प्रामाणिकपणा म्हणता येईल काय?

मुलीला मी विषय घेण्यास सांगितले. वडिलांनी मग एक खरा अवघड प्रश्न काढला: या वर्गात स्वतःला न पटणारी बाजूही मांडावयास लावतात, ते पाप नव्हे काय? मला वाटते, हा सराव आहे हे ऐकणाऱ्यांना ठाऊक असेल तर नव्हे; विरोधकाचे म्हणणे त्याच्याइतक्याच चांगल्या रीतीने मांडता येणे हा शेजारधर्मच आहे. मात्र व्यासपीठावर उभे राहून तसे करणे मी क्षम्य मानणार नाही. तिने लिहिलेला प्रत्येक निबंध वडिलांना वाचून दाखवावा, असे ठरले आहे. त्यांचे पूर्ण समाधान झालेले नाही. अर्जाची मुदत शनिवारी संपते.