आधी ओळख, मग आदर



जेन ऑस्टिन या इंग्लिश लेखिकेची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी १८१३ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या खर्ड्यात तिचं नाव होतं ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’. पहिल्या भेटीतलं मत किती फसवं असतं, हेच ही कादंबरी दाखवते.

नाचाच्या समारंभात डार्सी नावाचा श्रीमंत तरुण कादंबरीची नायिका एलिझाबेथ हिच्याबद्दल तिला ऐकू जाईल असं तुच्छतेनं बोलतो. ती त्याला गर्विष्ठ ठरवून मोकळी होते. विकहॅम नावाच्या गोडबोल्या तरुणावर मात्र ती लगेच विश्वास टाकते. पुढे डार्सी तिला मागणी घालतो, पण त्या मागणीतही तिच्या घरच्यांना हिणवतो. ती ठाम नकार देते.

खरी गोष्ट इथून सुरू होते. नकारातून डार्सी स्वतःचे दोष ओळखतो. नकारानंतर त्यानं लिहिलेलं पत्र वाचून तीही आपला पूर्वग्रह तपासते. तिची धाकटी बहीण संकटात सापडते, तेव्हा तो कोणताही गाजावाजा न करता मदत करतो. आकर्षणाला आदराची जोड मिळते, तेव्हाच ती होकार देते.

एलिझाबेथच्या वडिलांनी तारुण्य आणि रूप पाहून लग्न केलं होतं. बायकोबद्दलचा आदर लवकरच सरला आणि संसार कोरडा झाला. म्हणूनच, ज्याच्याबद्दल आदर वाटत नाही त्याच्याशी लग्न करू नकोस, असं ते मुलीला कळकळीनं बजावतात.

श्रोतेहो, रूप आणि गोड बोलणं पहिल्या भेटीतच कळतं. माणूस कळायला वेळ लागतो. कुणाबद्दल मत पक्कं करण्याआधी तेवढा वेळ त्याला जरूर द्या.