पगाराची चिठ्ठी

शिक्षकानं आपल्या पगारावर मत द्यावं का, आणि दिलं तर कशाला स्मरून द्यावं, हा प्रश्न मी आधी धर्माचा मानते, मग वित्त विभागाचा. आपल्याकडे तो जुनाच आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला कोणाला बोलावू नये याची यादी दिली आहे. तीत वेतन घेऊन शिकवणारा आहे आणि वेतन देऊन शिकणाराही. उभी हयात मी वेतन घेऊन आठवी ते दहावीला गणित शिकवलं, त्यामुळे ही यादी मला परकी वाटत नाही. पगाराचा विषय निघाला की विद्यादानाची आठवण करून देणारे लोक आजही तीच यादी वाचत असतात.

पुण्यात १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली तेव्हा तिच्या तरुण संस्थापकांनी ही विद्यादानाची कल्पना अंगावर घेतली. आजीव सभासदानं २० वर्षं शिकवायचं आणि बेताच्या, सगळ्यांना सारख्या पगारावर भागवायचं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी तिथली आपली वर्षं काढली ती महिना ७५ रुपयांवर. पुढे पगारवाढ द्यावी का, बाहेरची कमाई चालू द्यावी का, यावरून संस्थापकांपैकी टिळक आणि आगरकरांचं बिनसलं. १८९० साली टिळक बाहेर पडले. टिळकांचा मुद्दा मला हलका वाटत नाही. गरज बघून एकदा वाढ दिली की गरजेला अंत नसतो, आणि व्रत ते व्रत राहत नाही. पण आगरकरांना दमा होता आणि घरी पोरंबाळं होती. १८९५ साली ते गेले तेव्हा फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते, चाळिशीही गाठलेली नव्हती. अंत्यविधीचे पैसे उशाशी पुडीत बांधून ठेवलेले निघाले, असं सांगतात. एवढा माणूस लोभापायी वाढ मागत होता, हे मी कधीच मान्य करणार नाही. पगार सारखा असला म्हणून त्याग सारखा होत नाही. पाठीशी घरची शेतीवाडी असलेल्याचा वेगळा, नसलेल्याचा वेगळा.

जोतीराव फुल्यांना हे आधीच दिसलं होतं. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी मागितलं, की प्राथमिक शिक्षकाला १२ रुपयांच्या खाली पगार नसावा, मोठ्या गावांत १५-२० असावा. आणि शेतकरी वर्गातून शिक्षक घडवावेत, हेही त्याच निवेदनात. या दोन मागण्या एकमेकींना धरून आहेत. फुकट किंवा अर्धपोटी शिकवणं हेच पुण्य ठरवलं, तर ते पुण्य कमावण्याची ऐपत फक्त खात्यापित्या घरांनाच उरते.

माझ्यापुढे हा प्रश्न मार्च २०२३मध्ये आला. राज्य कर्मचाऱ्यांच्या जुन्या पेन्शनसाठी बेमुदत संपाची हाक आली होती. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नव्हती. मला आणि माझ्या बरोबरीच्यांना ती होतीच. म्हणजे संपात जायचं की नाही यावर मी जे मत देणार, ते दुसऱ्याच्या म्हातारपणाबद्दलचं मत होतं. शाळेत मत घ्यायचं ठरलं तेव्हा हात वर करायला काही जण कचरत होते, म्हणून वहीचं पान फाडून चिठ्ठ्या केल्या आणि रिकामा खडूचा डबा टेबलावर ठेवला. आमचे एक ज्येष्ठ सर म्हणाले, "गीता काय सांगते? कर्म करा, फळाची आशा धरू नका."

मी गीता रोज वाचते, म्हणून बोलले. म्हटलं, "सर, त्याच गीतेच्या तिसऱ्या अध्यायात असंही आहे, की मिळालेलं परत न देता नुसतं भोगतो तो चोर. शिकवणं समाज घेतो. मग परत देण्याचा भाग कोणाचा?" सर गप्प राहिले. रागावले नाहीत, एवढं मात्र खरं.

शेजारी बसलेल्या मराठीच्या बाई २००९मध्ये शिक्षणसेवक म्हणून लागल्या होत्या. तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढून मग नियमित झाल्या. त्या मला हळूच म्हणाल्या, "बाई, दया म्हणून 'हो' लिहू नका. बरोबर वाटत असेल तरच लिहा." त्यांचं हे बोलणं मी फार मोलाचं मानते. व्रत माणूस स्वतःच्या जिवावर घेतो. दुसऱ्याच्या घरची चूल विझवून आपण व्रतस्थ म्हणवून घेणं मला पाप वाटतं, आणि दुसऱ्याचा हक्क भीक म्हणून त्याच्या ओंजळीत टाकणं हेही त्याच्या जवळचंच. मी 'हो' लिहिलं.

तेव्हा दहावीची बोर्डाची परीक्षा चालू होती. पर्यवेक्षण सोडायचं नाही, यावर मीच दुसरी चिठ्ठी मागितली. सरकारकडून येणं बाकी होतं, पोरांकडून नव्हे. त्या चिठ्ठ्यांतही बहुतेक 'हो'च निघाले. ज्यांनी 'नाही' लिहिलं त्यांचं म्हणणंही वेडगळ नव्हतं: परीक्षा सुरळीत पार पडली तर संपाची दखल कोण घेणार? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. तरी पुन्हा वेळ आली तर तसंच मत देईन.

संप २० तारखेला मागे घेतला गेला. ऑगस्ट २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळानं केंद्राची एकीकृत पेन्शन योजना स्वीकारली: २५ वर्षं सेवा भरली तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन. मराठीच्या बाई माझ्या घरी वही घेऊन आल्या. नोकरी लागली तेव्हा त्या चौतिशीच्या होत्या, निवृत्ती अठ्ठावन्नला; म्हणजे २५ भरत नाहीत. सेवेच्या प्रमाणात किती बसेल, ते आम्ही दोघींनी मांडून पाहिलं. "तुम्ही माझ्या जागी असता तर ही योजना निवडली असती का?" त्यांनी विचारलं. त्यांच्या सासूबाईंचं औषधपाणी, मुलाच्या इंजिनिअरिंगची फी, घराचा हप्ता हे सगळं मी आधी वहीत लिहायला लावलं.