दाते खाली केल्यावर

गोधडीच्या हातटाक्याला एकच दोरा पुरतो. तो क्षणभर कापडावर दिसतो, आत बुडी मारतो, पुन्हा वर येतो. या लपाछपीतूनच धावदोऱ्याला त्याची लय मिळते. मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा. एक सुईतून येतो, दुसरा बॉबीनमधून, आणि थरांच्या पोटात दोघे एकमेकांत अडकतात. म्हणून मशीनची रेघ अखंड दिसते. तिला श्वास नाही, असं मी कित्येक वर्षं मानत आले.

यंदा कातरणाची एक गोधडी जोडली. खणाचे तुकडे, छापील पातळं, गणवेशाची खाकी आणि मधोमध आजीच्या इरकली लुगड्याचा हिरवा चौकोन. खांदा आता हातशिवण सोसत नाही, म्हणून मशीनवर बसले.

एरवी सुईखालचे दाते कापड पुढे सरकवतात आणि टाक्याची लांबीही तेच ठरवतात. ते दाते खाली केले, रफूचा फूट लावला, आणि कापड चारी दिशांना मोकळं झालं. सुईचा वेग पायाकडे, कापडाची चाल हातांकडे. हात संथ फिरले की टाके बारीक पडतात, घाई केली की लांब. म्हणजे टाका पुन्हा हाताच्याच ताब्यात आला होता! त्या दुपारी मला फार आनंद झाला.

मग प्रत्येक तुकड्यावर वेगळं काही करून पाहिलं. खाकीवर सरळ रेघा, खणावर शिंपले, कुठे स्वतःला कधीच न छेदणारी नागमोडी वाट. ती एका ठिकाणी इतकी दाट झाली की कापड पुठ्ठ्यासारखं ताठरलं. गोधडीत मऊपणा राहायचा तर टाक्यांमध्ये मोकळी जागा हवीच. छापील फुलांवर तासभर घातलेली वेल छपाईत पार बुडून गेली.

हात आणि मशीन यांचं भांडण जुनं नाही, निदान खरं तरी नाही. गुलामीत जन्मलेल्या, जॉर्जियातल्या हॅरिएट पॉवर्स यांनी १८८५-८६च्या सुमारास बायबलमधल्या कथांची गोधडी केली. आज ती स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे आणि तिच्यात दोन्ही प्रकारचे टाके सुखानं नांदतात. तरीही केंटकीतल्या पाड्यूका इथल्या मोठ्या प्रदर्शनात मशीनवर क्विल्टिंग केलेल्या कामाला पहिल्यांदा सर्वोच्च पुरस्कार मिळायला १९८९ साल उजाडलं. कॅरिल ब्रायर फालर्ट यांची ती कलाकृती खग्रास सूर्यग्रहणाची होती. इतका उशीर मला अजूनही खुपतो.

काम संपल्यावर गोधडी उलटी अंथरली. मागं कोरा मांजरपाट, म्हणून रंग नाहीत, छपाई नाही, फक्त दोऱ्याची वाट. समोरून हिरव्यावर हिरवा दोरा असल्यानं काहीच कळलं नव्हतं. पण आजीच्या चौकोनामागचे टाके खसखशीएवढे बारीक पडले होते. पायाचा वेग तर तोच होता.